तिसऱ्यांतलं जीएजी सांगलीत काढायचं तर: कोणतं सामान घ्यावं, कोणतं सोडावं

तिसऱ्यांसारख्या शिंपलावर्गी प्राण्यांच्या मांसातून ग्लायकोसअमिनोग्लायकन, म्हणजे लॅबच्या बोलीत जीएजी, वेगळं काढायचा प्रोजेक्ट ठरला की पहिली फेरी सप्लायरकडे होते. तो कॅटलॉग उघडतो आणि नेमकं सगळ्यात महाग पान पुढे करतो. हे परीक्षण त्या यादीतल्या सामानाचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. पपेन (पपईच्या चिकातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम) चांगल्या दर्जाचं घ्या, डायालिसिस ट्यूब (लहान रेणू बाहेर सोडणारी पडद्याची नळी) कमी कटऑफची, म्हणजे लहान साखळ्याही अडवणारी घ्या, स्टँडर्ड (तुलनेसाठीचा माहीत मापाचा नमुना) एक नव्हे, दोन घ्या. मोजणीचं तयार किट घेऊ नका. आणि बाहेरच्या चाचणी लॅबकडून ‘कार्बोहायड्रेट’चा रिपोर्ट तर मुळीच मागवू नका.

आधी हे जीएजी काय ते थोडक्यात. लांब, फांद्या नसलेल्या शर्करासाखळ्या. एक अमिनो शर्करा आणि एक युरोनिक आम्ल अशी जोडी पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर जागोजाग सल्फेट असतं. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, डर्माटन सल्फेट, हेपरन सल्फेट, हेपरिन ही सगळी याच घराण्यातली. केराटन सल्फेटही घरचंच, फक्त त्यात युरोनिक आम्लाच्या जागी गॅलॅक्टोज. रक्त गोठू न देणारं औषधाचं हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. काही शिंपल्यांतही हेपरिनसारखी साखळी सापडली आहे, म्हणून या मांसाकडे लक्ष. मांसात या साखळ्या सुट्या नसतात, प्रथिनाला जोडलेल्या असतात. त्यामुळे प्रथिन तोडायचं, ग्लायकोजेन (प्राण्यांतली साठवणीची शर्करा) आणि डीएनए बाजूला काढायचं, आणि उरलं ते नेमकं कोणतं हे ओळखायचं, एवढंच काम. बिघडतं ते बहुतेक वेळा मधल्या पायरीत.

माल

सांगलीला समुद्र नाही, हा पहिला अडथळा. रत्नागिरीकडचा माल आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे येतो, तो बर्फात. बर्फ वितळलं की ते गोडं पाणी, आणि खाऱ्या पाण्यातल्या तिसऱ्या गोड्या पाण्यात बुडून राहिल्या की मरतात. मेलेल्या मांसात त्याची स्वतःची एन्झाइम्स काम सुरू करतात. साखळ्या तुटलेल्या असतात आणि तुम्ही नंतर पपेनला दोष देत बसता. पाटीतून एक उचलून दुसरीवर टकटक करा. मिटली तर घ्या, आ वासून राहिली तर सोडा. सरसकट किलोच्या भावात भरून देणाऱ्याकडून लॅबसाठी घेऊ नये. कवच जाऊन मांस फार थोडं उरतं आणि त्यातही बहुतेक पाणीच असतं. दहा ग्रॅम कोरडी पावडर हवी तर किलोभर तरी घ्यायला लागतात.

घरी आणल्यावर लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात काही तास ठेवा, वाळू सुटते. नंतर उकडायचं नाही. स्वयंपाकघरात तिसऱ्या उकडून तोंड उघडतात आणि ते पाणी कालवणात जातं. इथे त्या पाण्याबरोबर विरघळणारा भागही जातो आणि किती गेला ते कळत नाही. एकशिपी करायला विळीवर उघडतात तशा कच्च्याच उघडा. मांस पाण्याखाली क्षणभर धुवून लगेच उणे २० अंशांत. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेज पुष्कळ आहेत, आणि ‘तिथं ठेवा की चार दिवस’ असा सल्लाही पुष्कळ मिळतो. ती थंडी शून्याच्या वरची. बेदाण्याला छान, मांसाला निरुपयोगी.

चार-पाच कवचं नावनिशीवार जपून ठेवा. बाजारात ‘शिंपल्या’ म्हणून जे येतं त्यात दोन-तीन जाती मिसळलेल्या असू शकतात, आणि जीएजीचा प्रकार जातीप्रमाणे बदलतो. कवच नसेल तर अहवालात कुठल्या प्राण्याचं नाव लिहायचं, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात उभा राहतो.

सोललेल्या मांसाची गोठवलेली पाकिटं सोयीची दिसतात. पाकिटाच्या मागे घटकांत पॉलिफॉस्फेट लिहिलं असेल तर ठेवून द्या परत. पाणी धरून ठेवायला ते घालतात. तेही ऋणभारित साखळीच आहे, आणि जीएजी ओळखणारे निळे रंग त्यालाही फसतात. कृष्णेतले गोड्या पाण्यातले शिंपले फुकटात मिळतात म्हणून मोह होतो. काम होतं, पण त्यांच्या कल्ल्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे कण ठासून असतात. पचनाच्या बफरात ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन) वाढवावं लागतं, नाहीतर प्रत्येक पायरीला पांढरा गाळ येतो आणि तो जीएजीच वाटतो. कालवं (ऑयस्टर) आणि शिनाणे (मसल) दोन्ही चालतात. कालवांत ग्लायकोजेन भरपूर, हे लक्षात ठेवून.

कोळंबीची सालं किंवा खेकड्याची कवचं घेऊन हेच करू म्हणणाऱ्यांसाठी एकच वाक्य: तिथे कायटिन आहे, ते पाण्यात विरघळतच नाही, त्याची वाट वेगळी (पातळ आम्लाने चुना काढायचा, पातळ क्षाराने प्रथिन) आणि या यादीतलं जवळजवळ काहीच तिथे लागत नाही.

ॲसिटोन आणि अल्कोहोल

चरबी काढायला ॲसिटोन. मांस बारीक चिरून वजनाच्या चार-पाच पट ॲसिटोनमध्ये २४ तास, मध्ये दोन-तीनदा बदलून. साधा लॅब दर्जा पुरतो, महाग एचपीएलसी दर्जा घेणं म्हणजे पैसे ओतून देणं. पंख्याखाली नव्हे, फ्यूम हूडमध्ये वाळवा, मग मिक्सरमधून पावडर करा. वास पूर्ण गेल्याशिवाय मिक्सर चालवू नका, मोटारीची ठिणगी पुरते. ॲसिटोनचं भांडं घरगुती फ्रीजमध्येही ठेवू नये, कारण तेच.

अल्कोहोलची गंमत अशी की जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, मळीपासून स्पिरिट निघतं, आणि कॉलेजच्या लॅबला शुद्ध इथेनॉलची बाटली घ्यायची तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. परवाना नसेल तर दुकानदार डिनेचर्ड स्पिरिट देतो. त्यात मिसळलेली द्रव्यं अतिनील भागात शोषण दाखवू शकतात, त्यामुळे सुरुवातीच्या अवक्षेपणाला चालवून घ्या, शेवटच्या धुण्याला नको. आयसोप्रोपेनॉल परवान्याशिवाय मिळतं, पण ते मीठही खाली बसवतं. घेतलंत तर नंतर डायालिसिस टाळता येणार नाही.

पपेन: इथेही पुष्कळ बिघडतं

बाजारात पपेन तीन रूपांत मिळतं आणि तिन्हींवर नाव एकच असतं.

पहिलं, किराणा किंवा बेकरी-सामानाच्या दुकानातलं मटण मऊ करायचं पाकीट. स्वस्त. त्यात मीठ असतं आणि बऱ्याचदा स्टार्च किंवा डेक्स्ट्रोज. आपण शोधायला निघालो शर्करा, आणि एन्झाइमबरोबर शर्कराच ओततो आहोत. मटणासाठी उत्तम, या कामाला शून्य गुण.

दुसरं, औद्योगिक पपेन, किलोत मिळणारं. त्याची ताकद ठरावीक आकड्यावर आणण्यासाठी त्यात लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेलं असतं. लॅक्टोज डायालिसिसमध्ये निघून जातं. माल्टोडेक्स्ट्रिनचे लांब तुकडे राहू शकतात. सप्लायरला ‘कॅरिअर काय आहे?’ हे लेखी विचारा. उत्तर न देणाऱ्याचा माल घेऊ नका. उत्तर लॅक्टोज आलं तर हा दर्जा मोठ्या प्रमाणावरच्या कच्च्या कामाला ठीक, नमुना न घातलेली नळी, म्हणजे ब्लँक, सोबत चालवलात तर.

तिसरं, लॅब दर्जाचं, लेबलवर दर मिलिग्रॅममागे युनिट छापलेलं. हेच घ्या. दर ग्रॅम कोरड्या पावडरीला २० मिलिग्रॅम धरून चाललं तरी दहा ग्रॅमच्या बॅचला २०० मिलिग्रॅम लागतं; एक छोटी बाटली पुरा प्रोजेक्ट ओढते.

ओळखायची सोपी युक्ती: चिमूटभर पपेन पाण्यात, त्यावर आयोडीनचा थेंब. निळं-काळं झालं तर स्टार्च. आयोडीन गप्प राहिलं म्हणून खूश होऊ नका, लॅक्टोजला आयोडीन काही करत नाही. त्यासाठी फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची चाचणी, ४९० नॅनोमीटरला. नुसत्या पपेनच्या नळीत गडद नारिंगी रंग आला तर बाटली परत करण्याजोगी.

बफर असं: ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५.५, ५ मिलिमोलर ईडीटीए, ५ मिलिमोलर सिस्टीन. एक ग्रॅम पावडरीला १५ ते २० मिलि. ६० अंशांवर २४ तास, अधूनमधून हलवून. यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते कळलं की चुका आपोआप कमी होतात. पपेनच्या कार्यस्थानी सिस्टीनचा गंधकगट आहे. हवेने त्याचं ऑक्सिडीकरण झालं की एन्झाइम झोपतं. बाहेरून घातलेलं सिस्टीन त्याला जागं ठेवतं, आणि ईडीटीए त्या गटाला चिकटणारे जड धातू उचलून नेतं. म्हणून सिस्टीन त्याच दिवशी विरघळवायचं. कालच्या द्रावणात सिस्टीनचे रेणू ऑक्सिडीकरणाने जोडीजोडीने जुळलेले असतात (त्याचं नाव सिस्टिन, ऱ्हस्व टि), ते नीट विरघळत नाही, तळाशी पांढरे कण दिसतात. सिस्टीन हायड्रोक्लोराइड वापरलं तर ते घातल्यावर पीएच खाली घसरतो, तो पुन्हा मोजा. ईडीटीएचं ०.५ मोलर साठा-द्रावण करताना पावडर विरघळत नाही म्हणून दर वर्षी कुणीतरी ती बाटली ‘खराब’ म्हणून टाकतं. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८ जवळ आणा, विरघळते.

वॉटरबाथविषयी. महागडा, थरथरणारा नको, पण झाकणाचा हवा. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात उघड्या बाथचं पाणी रात्रीत उतरतं आणि नळ्या कोरड्या हवेत लटकतात. वीज गेली की तापमान हळूहळू ४०च्या खाली येतं, आणि मांसाचा सूप त्या तापमानाला जीवाणूंना मेजवानी. टोल्युइनचा एक थेंब किंवा थायमॉलचा एक खडा आधीच टाकून ठेवा. सकाळी सडका वास आला तर ती बॅच टाका. जीवाणूंच्या स्वतःच्या साखळ्याही आता त्यात आहेत.

पचन झाल्यावर दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, गार करून ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल अंतिम ५ टक्के, बर्फावर तासभर, मग सेंट्रिफ्यूज. ८००० जीचं (गुरुत्वाच्या ८००० पट जोराचं) यंत्र असेल तर अर्धा तास. कॉलेजातलं छोटं ४००० आरपीएमचं असेल तर वेळ वाढवा आणि वरचं पाणी काचेच्या लोकरीतून गाळा. आम्लासकट द्रावण ओव्हनमध्ये आटवायचं नाही: उष्णता आणि आम्ल एकत्र आलं की सल्फेट सुटून जातं, आणि सल्फेट गेलं तर उरलेल्या अभ्यासाला अर्थ नाही.

शेवटच्या पेप्टाइडचं शेपूट काढायला बीटा-एलिमिनेशन: ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोबत सोडियम बोरोहायड्राइड, थंडीत रात्रभर. बोरोहायड्राइड नसेल तर सुट्या झालेल्या टोकापासून साखळी सोलत जाते आणि द्रावण तपकिरी होतं. बोरोहायड्राइडची छोटी सीलबंद बाटली घ्या, मोठी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. एका पावसाळ्यात ती दमट होऊन मरते. नळीचं बूच घट्ट लावू नका, हायड्रोजन निघतो. उदासीन करताना बर्फावर, ॲसिटिक आम्ल थेंबाथेंबाने, मोठ्या बीकरमध्ये. फेस वर येतो तेव्हा पळायला वेळ नसतो.

डायालिसिस ट्यूब आणि सीपीसी

सप्लायरकडे सहज मिळते ती १२ ते १४ हजार डाल्टन कटऑफची ट्यूब. ती घेऊ नका. प्रथिनापासून सुटलेल्या साखळ्यांची सरासरी १५ हजारांच्या आसपास असू शकते, आणि सरासरी म्हणजे निम्म्या त्याहून लहान. ३५०० कटऑफची मागवा. महाग आहे, वाट पाहावी लागते, तरी तीच. २ टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि १ मिलिमोलर ईडीटीएमध्ये दहा मिनिटं उकळून, धुवून वापरा. ट्यूब अर्धीच भरा. आत मिठाचं द्रावण आहे, पाणी आत ओढलं जातं, गच्च भरलेली ट्यूब रात्री फुटते. गाठ मारताना दोन गाठी. बाहेरचं पाणी डिस्टिल्ड. बोअरचं नाही, शेवटच्या धुण्यालाही नाही.

सेटिलपिरिडिनियम क्लोराइड, म्हणजे सीपीसी, ही या यादीतली सगळ्यात किफायती वस्तू. धनभारित साबणच तो, ऋणभारित साखळीला चिकटून तिला खाली बसवतो. ग्लायकोजेनला भार नाही, ते वर राहतं. अल्कोहोलने मात्र ग्लायकोजेनही बसतं, आणि नुसत्या अल्कोहोलवर थांबणाऱ्यांच्या हाती जो भरघोस पांढरा ढीग येतो तो बव्हंशी ग्लायकोजेनचाच असतो. आयोडीनने तपासा, लालसर तपकिरी येतो. कालवांच्या बाबतीत आधी अल्फा-अमायलेज (ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम) चालवून घेतलेलं बरं.

डीएनए मात्र ऋणभारितच, तोही सीपीसीबरोबर बसतो. आरएनए मघाच्या क्षारात तुटलेला असतो, डीएनए तसा तुटत नाही. म्हणून सीपीसीच्या आधी डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम), मॅग्नेशियम घालून. ईडीटीएचा अंश राहिला असेल तर ते मॅग्नेशियम पळवतं आणि डीएनेज चालत नाही, त्यामुळे डायालिसिस या पायरीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

पद्धत: नमुना कमी मिठात (०.०४ मोलरच्या आसपास), ५ टक्के सीपीसी थेंबाथेंबाने, नवा ढग यायचा थांबेपर्यंत. रात्रभर ठेवा. बसलेला गाळ २ मोलर सोडियम क्लोराइड आणि इथेनॉलच्या १०० ला १५ मिश्रणात विरघळवायचा, मग तीन पट इथेनॉलने जीएजी पुन्हा खाली. मिठाचं प्रमाण पायरीपायरीने वाढवलं तर वेगळी साखळी वेगळ्या पायरीला सुटते. हायल्युरोनन (सल्फेट नसलेलं जीएजी) आधी, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट त्यानंतर, हेपरिन सगळ्यात उशिरा, कारण सल्फेट जितकं दाट तितकी सीपीसीची पकड घट्ट.

दोन खोडी सांगायलाच हव्यात. पहिली, सीपीसी थंडीत स्फटिक होऊन बसतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी किंवा रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर काम केलंत तर तळाशी सुंदर चमकदार गाळ मिळतो, तोही प्रत्येक नळीत, ब्लँकमध्येसुद्धा. २५ अंशांच्या खाली जाऊ नका. दुसरी, सीपीसीचा पिरिडिनियम गट २५९ नॅनोमीटरला शोषतो. धुणं अपुरं राहिलं की २६०चं रीडिंग वाढतं, डीएनएही तिथेच शोषतो, विद्यार्थी म्हणतो डीएनए आहे, पुन्हा डीएनेज ओततो, रीडिंग तसंच. डीएनेज बिचारं निर्दोष. दोन-तीनदा मिठात विरघळवून इथेनॉलने बसवा, तेव्हा ते जातं. सीटॅब (सीपीसीसारखाच दुसरा धनभारित साबण) घेतलं तर २६०चा हा घोळ होत नाही, पण ते सीपीसीपेक्षाही लवकर गोठतं. सांगलीच्या हिवाळ्याचा विचार करता सीपीसीच बरं.

मोजणी: तयार किट की हाताने केलेला रंग

सल्फेटयुक्त जीएजी मोजायच्या तयार किटांत रंग असतो डायमिथाइलमिथिलीन ब्लू, आणि सोबत बहुधा गायीच्या श्वासनलिकेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचं स्टँडर्ड. रंगाची कृती १९८६पासून छापील आहे: १६ मिलिग्रॅम रंग ५ मिलि इथेनॉलमध्ये, त्यात ३.०४ ग्रॅम ग्लायसिन, २.३७ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ९५ मिलि, एकूण १ लिटर, पीएच ३.०. तपकिरी बाटलीत खोलीच्या तापमानाला तीन महिने टिकतो. तयार झाल्यावर ५२५ला शोषण ०.३१च्या जवळ यायला हवं. फार कमी आलं तर रंग काचेला चिकटला किंवा नीट विरघळला नाही. एक लिटर म्हणजे २.५ मिलिच्या ४०० नळ्या. किटाच्या किमतीत रंगाची छोटी बाटली येते आणि ती वर्षानुवर्षं संपत नाही.

नमुना १०० मायक्रोलिटर, रंग २.५ मिलि, स्टँडर्ड ० ते ५ मायक्रोग्रॅम. हलवा आणि लगेच वाचा. रंग आणि जीएजीचा संयोग काही मिनिटांत तळाला बसू लागतो. दहा नळ्यांत एकदम रंग घालून मग रांगेने वाचत बसणाऱ्यांचा आलेख शेवटी वाकतो तो यामुळे. काही किटांत हा गाळ मुद्दाम बसवून पुन्हा विरघळवतात, तिथे घाई लागत नाही. किटाच्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच. प्लास्टिक क्युव्हेट निळी पडते, अल्कोहोलने धुवा. स्पेक्ट्रो नसेल तर ५२० फिल्टरच्या कलरीमीटरवरही चालतं.

खरी अडचण स्टँडर्डची. रंगाचा प्रतिसाद सल्फेटच्या दाटीवर अवलंबून आहे. तिसऱ्यांतलं हेपरिनसारखं जीएजी गायीच्या कॉन्ड्रॉइटिनवर मोजलं तर आकडा येतो, दशांश चिन्हानंतर दोन अंकही येतात, पण तो खरा नसतो. म्हणून दोन स्टँडर्ड: कॉन्ड्रॉइटिन सल्फेट आणि हेपरन सल्फेट किंवा हेपरिन. औषध दुकानातली हेपरिनची कुपी स्टँडर्ड म्हणून वापरू नका. तिच्यावर युनिट असतात, मिलिग्रॅम नव्हे, आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्हही असू शकतं.

सोबत कार्बाझोल, म्हणजे युरोनिक आम्ल मोजणारी चाचणी, चालवाच. ०.०२५ मोलर बोरॅक्स घातलेलं तीव्र सल्फ्युरिक आम्ल ५ मिलि, थंड केलेलं. त्यावर नमुना १ मिलि. १०० अंशांवर दहा मिनिटं. गार करून ०.१२५ टक्के कार्बाझोल ०.२ मिलि; पुन्हा पंधरा मिनिटं; ५३० नॅनोमीटर. १९६२ची पद्धत, आजही खणखणीत. गुलाबी-जांभळ्याऐवजी तपकिरी रंग आला तर ग्लायकोजेन शिल्लक आहे. दोन्ही रीडिंग शेजारी ठेवा: कार्बाझोल जास्त आणि निळा रंग कमी, म्हणजे सल्फेट नसलेली साखळी, किंवा सीपीसी उरलंय, कारण तोही धनभारित आणि रंगाची जागा अडवतो. निळा जास्त आणि कार्बाझोल कमी, तर संशय डीएनएवर. केराटन सल्फेटही असंच दिसतं. एका किटाच्या एका आकड्यातून हे काहीच कळत नाही.

ओळख पटवणं आणि बाहेरच्या लॅबची सेवा

ॲगरोज जेल स्वस्त आणि भरवशाचं. ०.५ ते ०.६ टक्के ॲगरोज, ०.०५ मोलर डायअमिनोप्रोपेन ॲसिटेट बफर, पीएच ९, १०० व्होल्टला तासभर. मग ०.१ टक्के सीटॅबमध्ये जेल बुडवून साखळ्या जागच्या जागी धरायच्या आणि टोल्युइडिन ब्लू. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट सगळ्यात पुढे पळतं, डर्माटन मध्ये, हेपरन सल्फेट मागे. डीएनए चालवायची साधी टाकी पुरते. सीटॅबची पायरी विसरली की रंगवताना पट्टे वाहून जातात आणि जेल कोरं दिसतं.

कॉन्ड्रॉइटिनेज आणि हेपरिनेज ही आपापली साखळी नेमकी तोडणारी एन्झाइम्स उत्तम, पण सांगलीपर्यंत थंड साखळी टिकेल याची खात्री नाही. कुरिअरचा डबा उघडल्यावर जेल पॅक पाण्यासारखे असतील तर पावतीवर तसं लिहूनच डबा घ्या. हेपरिनेजला पर्याय नायट्रस आम्ल: १.८ मोलर ॲसिटिक आम्लात ०.२४ मोलर सोडियम नायट्राइट, खोलीच्या तापमानाला ८० मिनिटं, मग अमोनियम सल्फॅमेटने थांबवा. हेपरिन आणि हेपरन सल्फेट तुटतात, कॉन्ड्रॉइटिन तसंच राहतं. आधीचा आणि नंतरचा नमुना शेजारीशेजारी जेलवर चालवा. मागचा पट्टा नाहीसा झाला तर उत्तर मिळालं. खर्च नगण्य.

आता बाहेरच्या लॅबचं. अन्नचाचणीच्या लॅबकडे ‘कार्बोहायड्रेट’ मागितलं की बहुतेक ठिकाणी वजाबाकी होते: १०० मधून पाणी, प्रथिन, चरबी आणि राख वजा. जीएजीपुरतं बोलायचं तर ही थट्टा आहे. प्रथिन काढतात नायट्रोजनला ६.२५ने गुणून, आणि जीएजीतल्या अमिनो शर्करेतला नायट्रोजन त्यात प्रथिन म्हणून मोजला जातो. सल्फेटचा भाग राखेत जातो. उरलेल्या आकड्यात जे काही आहे ते मुख्यतः ग्लायकोजेन. ज्याच्यासाठी नमुना पाठवला तेच तीन रकान्यांत वाटून टाकून वर शिक्का मारलेला कागद येतो. लॅबची चूक नाही, ती पोषणलेबलसाठीची पद्धत आहे, चूक मागणाऱ्याची.

‘एकूण सल्फेटयुक्त जीएजी’ असा रिपोर्ट देणारी सेवा मिळाली तरी त्यावर ‘हेपरिन मिळालं’ असं लिहू नये. २००८मध्ये औषधी हेपरिनमध्ये जास्त सल्फेट जोडलेलं कॉन्ड्रॉइटिन मिसळलेलं सापडलं, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांतून ते निसटलं होतं. एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना वाचणारं तंत्र) ॲसिटाइल गटाच्या जादा खुणेमुळे ते पकडलं गेलं.

पैसे खर्च करायचेच असतील तर एफटीआयआरवर, म्हणजे अवरक्त किरणांच्या शोषणावरून रेणूतले गट ओळखणाऱ्या चाचणीवर करा. सुमारे १२४० वर (आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटिमीटर) सल्फेटची खूण. ८५० ला असेल तर चौथ्या जागी सल्फेट, ८२०च्या आसपास असेल तर सहाव्या. २९२० आणि २८५० ला ठळक टोकदार जोडी दिसली तर आनंदू नका, ती सीपीसीच्या लांब शेपटीची असते. नमुना परत आणून पुन्हा धुवा. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइड, नमुना ज्यात मिसळून दाबतात) गोळी करण्याआधी केबीआर ओव्हनमध्ये सुकवलेलं आहे का ते विचारा. पाण्याचा रुंद पट्टा अर्धा आलेख झाकतो.

सुकवलेलं जीएजी हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं. फ्रीज-ड्रायर नसेल तर शेवटचा गाळ इथेनॉलने, मग ॲसिटोनने धुवून सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये सुकवा. डेसिकेटर काचेचा, घासलेल्या कडेचा, ग्रीस लावून बंद होणारा घ्या. प्लास्टिकच्या झाकणाचे हवा धरत नाहीत. निळं सिलिका गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर भाजून पुन्हा निळं करा. हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये चालू असेल तर कुपी उघडून वजनकाट्यावर आकडा स्थिर व्हायची वाट पाहू नका. तो वाढतच राहतो, आणि वाढतं ते पाणी. बंद कुपीचं वजन आधी आणि नंतर घ्या.